सुरतेला वऱ्हाड नेताना डिकी आधी तपासा

नवापूर ओलांडलं की गुजरातची दारूबंदी लागू होते. 1949 चा कायदा आहे, आणि आपल्याकडचा परवाना तिथे चालत नाही. नवापूर स्टेशनाच्या तर प्लॅटफॉर्मवरूनच हद्द जाते.

लोक अडकतात ते बहुतेक विसरलेल्या बाटलीमुळे. हळदीच्या रात्रीची उरलेली क्वार्टर स्टेपनीखाली, सीटच्या खिशात, नाहीतर कोणाच्या पिशवीत लुगड्यांखाली राहते. म्हणून धुळे-नंदुरबारहून निघतानाच गाडी रिकामी करून बघा. बाटली सापडली तर गाडीही जप्त होऊ शकते, मग लग्नघर सोडून कोर्टाच्या चकरा.

पोटातली दारूही लपत नाही. साठ मिली व्हिस्कीत साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल असतं, ते उतरायला दोन-तीन तास लागतात. म्हणजे रात्री बाराला तीन पेग संपवले, तर सकाळी सातलाही रक्तात अंश असू शकतो. आंघोळ, लिंबूपाणी, कडक चहा यांनी तो उतरत नाही. ड्रायव्हरला आदल्या संध्याकाळपासून थेंबही देऊ नका, ही विनंतीच समजा.

प्यायचीच असेल तर परराज्यातल्या पाहुण्यांसाठी तात्पुरता परवाना ऑनलाइन अर्ज करून मिळतो. तो आधी काढा, सोबत ओळखपत्र ठेवा आणि तिथल्या परवानाधारक दुकानातूनच घ्या.