भिंतीला टेकून गाडीची शेड: खांब कुठे आणि बीम केवढा

घराच्या बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात गाडीसाठी एकपाखी (एकाच बाजूला उतार असलेली) शेड टाकायची म्हटलं की बोलणं पत्र्याच्या रंगापासून सुरू होतं. फॅब्रिकेटर येतो, पावलांनी जागा मोजतो, "दोन कडंला, एक मधी" म्हणून जातो. शेड उभी राहिल्यावर कळतं की मधला खांब ड्रायव्हरच्या दारासमोरच आलाय. खांबांची जागा गाडीच्या दारांवरून ठरवावी आणि बीम, म्हणजे खांबांवरचा आडवा पाइप, खांबांमधल्या अंतरावरून. पत्रा सगळ्यात शेवटी.

आधी गाडी जिथे कायम राहणार तिथे उभी करा. चारही दारं पूर्ण उघडा आणि दारांची टोकं, बिजागऱ्या आणि बंपर यांच्या खाली जमिनीवर फक्कीने खुणा करा. चार मीटरच्या आतल्या गाडीत पुढच्या दाराची बिजागरी नाकापासून साधारण सव्वा मीटरवर असते आणि पूर्ण उघडलेलं दार मीटरभर बाहेर येतं. तरी आपली गाडी मोजाच. पुढेमागे मोठी गाडी घ्यायचा विचार असेल तर तिचीही मापं आत्ताच काढून ठेवा.

एक नमुना घेऊ. शेड भिंतीला समांतर, गाडी आखूड बाजूने आत येते. भिंतीपासून बीमपर्यंत ३.३ मीटर, म्हणजे ११ फूट. छपराची लांबी ६ मीटर, कारण चौकोनी पाइप २० फुटीच येतो आणि बीम बिनजोडाचा बसतो. गाडी भिंतीपासून अर्धा मीटर ठेवली तर खांबांच्या बाजूला पाऊण ते एक मीटर उरतो. जागा ९ फूटच असेल तर हे गणित बसत नाही. तिथे खांब दारासमोर येऊन अजिबात चालणार नाही.

आता वजन. पत्रा, राफ्टर (भिंतीपासून बीमपर्यंत उतरणारे पाइप) आणि पर्लिन (राफ्टरवरचे आडवे पाइप, ज्यांवर पत्रा बसतो) मिळून चौरस मीटरला १५ किलो धरा. ज्यावर कोणी वावरत नाही अशा छपरासाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात चौरस मीटरला ०.७५ किलोन्यूटन, म्हणजे ७५ किलो भार सांगितलाय. एकूण ९० किलो. यातला जवळपास निम्मा भिंत घेते, निम्मा बीम. पत्रा बीमच्या पुढे एक फूट निघतो तोही बीमवरच, म्हणून बीमच्या वाट्याला सुमारे २ मीटरचा पट्टा येतो: मीटरला १८० किलो.

खाली दाबणारं वजन सगळे मोजतात. वर ओढणारा वारा मात्र हिशेबात नसतो, आणि कोल्हापुरात पत्रे उडतात ते वळवाच्या वाऱ्याने. वाऱ्याच्या नकाशात आपला भाग ३९ मीटर प्रति सेकंदाच्या पट्ट्यात येतो. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला ९० किलोच्या वर जातो. बाजू उघडी आणि मागे घराची भिंत असली की वारा आत कोंडतो, खालून ढकलतो आणि वरून ओढतो. म्हणून वरची ओढ १०० किलो धरा. छपराचं स्वतःचं वजन वजा केलं तरी ८५ उरतात, म्हणजे खालच्या भाराइतकेच. तोच बीम आणि तेच बोल्ट दोन्ही दिशांना पुरले पाहिजेत.

खांबांमधलं अंतर दुप्पट केलं की बीमवरचा वाकवणारा जोर चौपट होतो आणि बीमचा झोल सोळापट. खांब काढून टाकण्याचा मोह होतो तेव्हा हे दोन आकडे आठवावेत.

नमुन्याच्या शेडसाठी तीन पर्याय आहेत. पहिला: छपराच्या कडांपासून पाव-पाव मीटर आत टोकाचे दोन खांब, एक बरोबर मधे, अंतर २.७५ मीटर. इथे ९६×४८×३.२ मिमीचा पाइप उभा ठेवून पुरतो, झोल सात मिलिमीटरच्या आत. पण गाडी मधोमध उभी राहते आणि खांब दाराच्या टोकासमोर येतो. दुसरा: मधला खांब काढून ५.५ मीटरचा एकच गाळा (दोन खांबांमधला भाग). यात ९६×४८ चा झोल दहा सेंटीमीटरवर जातो, म्हणजे तो बादच. त्याला १४५×८२×४.८ लागतो, मीटरला १६ किलोचा. बीमचं लोखंड ४० किलोवरून ९६ वर जातं आणि दोन्ही टोकांचे पाये मोठे होतात ते वेगळंच.

तिसरा पर्याय आमच्या मते बहुतेक घरांना योग्य: मधला खांब मधे ठेवूच नका. गाडीचं नाक ज्या बाजूला, त्या कडेपासून खांब ०.२५, २.२५ आणि ५.७५ मीटरवर घ्या. गाळे २ आणि ३.५ मीटरचे. नाक कडेपासून मीटरभर आत ठेवलं की मधला खांब पुढच्या दाराच्या बिजागरीसमोर येतो, आणि दार त्याच्या मागे मोकळं उघडतं. साडेतीन मीटरला ९६×४८ अगदी काठावर बसतो, म्हणून बीम १२२×६१×३.६ चा घ्या. मीटरला तीन किलो जास्त, म्हणजे सगळा मिळून १८ किलो. गाडी कधी नाकाने तर कधी मागे घेऊन लावायची सवय असेल तर मात्र याचा फायदा नाही. एक दिशा ठरवा.

अखंड बीम मधल्या खांबावर ज्यादा भार टाकतो. नमुन्यात मधल्यावर सुमारे ६६० किलो येतात, लांब गाळ्याच्या टोकाला ३०० आणि आखूड टोकाला १२०. वाऱ्यात एवढीच ओढ वर लागते, म्हणून काँक्रीटच्या ठोकळ्याचं वजन त्याच्या दीडपट तरी हवं. काँक्रीट घनमीटरला २४०० किलो. मधे ७००×७०० मिमी आणि ९०० खोल घेतला तर हजार किलोच्या वर जातो. टोकांना ५००×५००×९०० म्हणजे ५४० किलो. भोवतालच्या मातीची पकड हिशेबात धरू नका.

ही खोली घट्ट मुरूम असलेल्या जागेची. पंचगंगेकडच्या काळ्या रानात प्लॉट असेल तर ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब दरवर्षी थोडा वर-खाली होतो. तिथे खड्डा मुरूम लागेपर्यंत, चार-पाच फूट, न्या. खणण्याआधी सेप्टिक टँक आणि ड्रेनेजची लाइन कुठून गेलीय ते बघा. त्यासाठी खांब फूटभर सरकला तर बीमचा हिशेब पुन्हा करा.

खांबाला ७२×७२×३.२ चा पाइप वजनाच्या हिशेबाने पुरतो. पण रिव्हर्स घेताना बंपर कधीतरी लागणारच, म्हणून ९१.५×९१.५×३.६ बरा. पाइप थेट काँक्रीटमध्ये गाडू नका. जिथे तो बाहेर येतो तिथे पाणी साचतं आणि काही वर्षांत नेमका तिथेच सडतो, वरचा रंग शाबूत असताना. ठोकळा जमिनीच्या वर सहा इंच काढा, त्यावर २५०×२५० ची चार सूत जाडीची बेस प्लेट आणि १६ मिमीचे चार अँकर बोल्ट लावा. प्लेट कोल्हापूरच्या उद्यमनगरात भोकं पाडून मिळते. त्याच भोकांचा पातळ पत्र्याचा साचा करून घ्या आणि काँक्रीट ओतताना बोल्ट त्यात अडकवा, नाहीतर नंतर भोकं मोठी करत बसावं लागतं. बोल्ट दीड फूट लांब, ठोकळा तीन फूट खोल. त्यामुळे १० मिमीच्या आठ सळ्या रिंग मारून तळापर्यंत न्या. त्या नसल्या तर वाऱ्यात वरचा अर्धा ठोकळा तुटून वर येऊ शकतो.

भिंतीकडची बाजू आरसीसी बीममध्ये किंवा कॉलममध्येच पकडा. ६५×६५×६ चा अँगल, १२ मिमीचे अँकर, दोन-दोन फुटांवर, काँक्रीटच्या कडेपासून तीन इंच तरी आत. विटांच्या सांध्यात मारलेला अँकर हाताने हलतो. पेठांतल्या जुन्या घरांच्या मातीत बांधलेल्या दगडी भिंतीला काहीच टांगू नका. तिथे भिंतीलगत खांबांची दुसरी ओळ घ्या आणि शेड स्वतंत्र उभी करा. राफ्टर अँगलला वेल्ड न करता क्लीटवर (जोडणीच्या छोट्या पट्टीवर) लांबट भोकाच्या बोल्टने जोडा. नवे पाये थोडे बसतात, घराचे बसून झालेले असतात. घट्ट वेल्डिंग तो फरक गिलाव्यावर काढतं.

उतार आठाला एक ठेवा. ३.३ मीटरला १६ इंच पडतात. भिंतीकडे ९ फूट घेतले तर बीमकडे राफ्टरखाली साडेसात फुटांच्या थोडं वर राहतं आणि बीमखाली सव्वासात. खिडकीचा छज्जा आणि स्लॅबचा बीम यांच्यामध्ये अँगल बसतो का, ते आधी टेपने पाहा. गगनबावडा, राधानगरीकडे उतार याहून जास्त द्या.

राफ्टर पाच, ९६×४८×३.२ चे, १.३७५ मीटरवर. दुसऱ्या खांबावर राफ्टर बरोबर येणार नाही, ते चालतं. उरलेल्या तुकड्यांतून खांब आणि बीमच्या कोपऱ्यात दोन फुटी तिरपे टेकू बसवा. ते नसले तर शेड लांबीच्या दिशेने डुलते. पर्लिन ४०×४०×२ चे चार नग, १.१ मीटरवर. पत्रे १२ फुटी, झाकणारी रुंदी साधारण मीटरभर, म्हणजे सहा. स्क्रू रबर वॉशरचे, कडेच्या दोन पर्लिनवर प्रत्येक नळीला, कारण उचल तिथून सुरू होते.

हा सगळा हिशेब बाजू उघड्या असलेल्या शेडचा आहे. पुढे उरलेल्या दोन बाजू पत्र्याने बंद करून समोर शटर लावायचं असेल तर शटर उघडं असताना वारा आत भरतो आणि ओढ बरीच वाढते. ते मनात असेल तर आत्ताच स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून मापं काढून घ्या. शेड सामासिक अंतरात (घर आणि प्लॉटची हद्द यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात) येत असेल तर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे काय चालतं ते नगररचना विभागात विचारून ठेवा, आणि पन्हळीचं पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत पडणार नाही असं पाहा. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात आवारात पाणी आलं असेल तर पूररेषेचंही विचारा आणि ठोकळ्याची उंची सहा इंचांऐवजी दीड फूट करा.

वेल्डिंगचे सांधे घासून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग) मारल्याशिवाय पत्रा चढवू देऊ नका, पर्लिनच्या वरची बाजू नंतर हाताला येत नाही. पहिला वळीव होऊन गेला की शिडी लावून कडेचे स्क्रू आणि बेस प्लेटचे नट पाना लावून एकदा तपासा.