प्रिंटर बोर्डावरून बंद करता? मग या चुका टाळा

मे महिन्यात परभणीत पारा 43-44 वर गेला की माझ्या ओसरीत प्रिंटर जमायला लागतात. तक्रार ठरलेली: "मामा, काळा कलरच येईना गेलाय." मी आधी विचारतो, बंद कसा करता? उत्तरही ठरलेलं. बोर्डावरून!

इंकजेटला, म्हणजे शाईच्या प्रिंटरला, स्वतःचं बटण आहे ते शोभेला नाही. ते दाबलं की हेड, म्हणजे शाई सोडणारा भाग, कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि शाईची बारीक भोकं झाकली जातात. काम चालू असताना बोर्ड बंद केला, तर हेड असेल तिथं उघडं राहतं आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात शाई तिथंच वाळते. छापता छापता लाइट गेली, तर आल्यावर प्रिंटर चालू करून पुन्हा बटणानंच बंद करायचा. एवढंही कुणाला जमत नाही.

माझ्या भाचीनं लग्नसराईत महिनाभर सेलूचं घर बंद ठेवलं. परतली तर शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख, आणि प्रिंटवर पांढऱ्या रेघा. बाईसाहेबांनी लागोपाठ अकरा वेळा हेड क्लीनिंग मारलं. प्रत्येक क्लीनिंगला शाई हेडातून ओढून खालच्या स्पंजात सोडली जाते, हे तिला कोण सांगणार? अर्धी टाकी खाली गेली, नळीत हवा शिरली, वर स्पंज भरल्याचा लाल दिवा लागला. फॉर्म शेवटी गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडून दहा रुपयांत निघाला.

माझी पद्धत अशी: नोझल चेक (भोकांतून शाई येते का ते दाखवणारं पान), एक क्लीनिंग, फार तर दुसरं. मग बंद करून रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी पुष्कळदा वाळलेली शाई सुटलेली असते. पण रात्रभर थांबायचं म्हटलं की लोकांच्या पोटात दुखतं. व्हिडिओ बघून इंजेक्शननं पाणी मारतात आणि मग हेड पिशवीत घालून माझ्याकडे आणतात. शाई वाळू नये म्हणून मी आठवडी बाजाराच्या दिवशी एक रंगीत पान काढतो. बाजार चुकत नाही, म्हणून पानही चुकत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. लेझर प्रिंटर घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर लावू नका, त्याचा हीटर एकदम करंट ओढतो. त्यात इंकजेटचा प्लास्टिक कागद घालू नका, आत वितळून चिकटतो. अडकलेला कागद हिसडू नका.

स्कॅनरवर सातबारा असो की टीसी, 600 डीपीआय (इंचाला 600 ठिपके) कशाला? 300 वर ए-फोर पान 2480 बाय 3508 पिक्सेलचं होतं, अक्षर स्वच्छ येतं. 600 वर डेटा चौपट. मग फाइल अपलोड होत नाही म्हणून ती इतकी दाबतात की गट नंबरही वाचता येत नाही.

आणि फीडरमधून, म्हणजे पानं आपोआप ओढणाऱ्या वरच्या ट्रेमधून, काढलेल्या प्रत्येक कॉपीवर एकच उभी काळी रेघ येत असेल, तर तेच पान मोठ्या काचेवर ठेवून बघा. रेघ गेली तर दोष शेजारच्या अरुंद काचपट्टीवर. एका ओळखीच्या वकिलांच्या मशीनवर तिथं व्हाइटनरचा ठिपका निघाला. नखानं खरवडला, गेला. तोवर त्यांनी ड्रम, म्हणजे छपाईचा रोलर, बदलून घेतला होता.