पॅकिंगची प्लास्टिक पट्टी कशी बनवतात? दाण्यापासून रोलपर्यंत

गोव्यातल्या वेर्णा, कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधून खोके भरून ट्रक निघतात, त्या खोक्यांवर पिवळी नाहीतर निळी खडबडीत पट्टी असते बघा, हाताने कितीही ओढा तुटत नाही. आहे मात्र बादल्या-खुर्च्यांना वापरतात तेच पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपी. मग एवढी ताकद आली कुठून?

स्टेप 1: पीपीचा दाणा आणि रंगाचा मास्टरबॅच (घट्ट रंग भरलेले दाणे) मिसळून हॉपरमध्ये, म्हणजे मशीनवरच्या नरसाळ्यात टाकतात, खाली एक्स्ट्रुडरचा, म्हणजे प्लास्टिक वितळवून ढकलणाऱ्या मशीनचा, गरम स्क्रू तो वितळवून पुढे ढकलतो (पीपी साधारण 165 डिग्रीला वितळतं, मशीन त्याहून बरंच वर ठेवतात), जाळीतून कचरा गाळला जातो आणि डायमधून, म्हणजे साच्याच्या फटीतून, जाडसर पट्टी बाहेर येते.

स्टेप 2: ती लगेच पाण्याच्या टाकीत. झटकन थंड झाली तरच पुढे नीट ताणली जाते.

स्टेप 3: खरं काम इथे आहे. पट्टी परत गरम करायची, पण वितळू द्यायची नाही, आणि रोलरच्या दोन सेटमधून न्यायची, पुढचा सेट मागच्यापेक्षा कितीतरी पट जोरात फिरतो, त्यामुळे पट्टी कित्येक पट लांब आणि पातळ होते आणि आतल्या रेणूंच्या गुंतलेल्या लांब साखळ्या सरळ होऊन एका दिशेने लागतात. ताकद ती हीच, लांबीच्या दिशेने! आडवी मात्र ती कमजोर होते, बांबूसारखी उभी चिरते.

स्टेप 4: म्हणून नक्षीच्या रोलरमधून दाबतात, त्याने चिरणं कमी होतं. मग पुन्हा थोडी उष्णता देतात, नाहीतर पट्टी नंतर आकसते. शेवटी थंड करून रोल. 9, 12, 15 मिमी या नेहमीच्या रुंदी.

टाइल्स, लोखंड असा जड माल असेल तर हिरवी पेट (PET, पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) पट्टी घ्या, ती ताण जास्त दिवस धरून ठेवते. ती बरेचदा पाण्याच्या बाटल्यांच्या चुऱ्यापासूनच बनते, पण पेट हवेतली ओल शोषतं आणि ओला चुरा वितळवला की पाणी पेटच्या रेणूंच्या साखळ्याच तोडतं, मग कितीही ताणा, पट्टी कच्चीच. म्हणून आधी गरम हवेत काही तास सुकवायचा, आणि गोव्याच्या पावसाळ्यात तर सुकवलेला चुरा क्षणभरही उघडा ठेवू नये, सरळ मशीनमध्ये.

विकत घेताना तुकडा पिळून बघा, लगेच उभा चिरला तर तो रोल घेऊ नका.