स्ट्रेप्टोकोकस आणि लॅबमधली घाई : या चुका टाळा

गेली २६ वर्षं मी जिल्ह्याच्या गावी लॅबमध्ये कल्चरचं (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायचं) टेबल सांभाळते. दरवर्षी डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालेली नवी मुलं येतात. हुशार असतात, हात चांगला असतो, पण स्ट्रेप्टोकोकसपाशी येऊन तिथेच अडखळतात. हा जंतू साध्या घशाच्या दुखण्यापासून धावरं, बाळंतज्वर, मूत्रपिंडाची सूज आणि संधिज्वरापर्यंत (घशातल्या स्ट्रेपनंतर सांधे आणि हृदय धरणारा आजार) काय काय करतो ते त्यांना तोंडपाठ असतं. प्लेट आणि स्लाइड समोर आली की मात्र थांबून बघायचा धीर नसतो.

‘एएसओ पॉझिटिव्ह’, आणि पुढे काहीच नाही

दहा-बारा वर्षांपूर्वी एक आई आपल्या ११ वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्याकडे रक्त द्यायला आली. स्पिरिटचा वास येताच पोरगी भिंतीला चिकटली. सातव्या वर्षापासून तिला दर २१ दिवसांनी संधिज्वर म्हणून कमरेत पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू होतं. चार वर्षं, म्हणजे ७० च्या आसपास सुया. शाळेत खेळाच्या तासाला तिला बाहेर बसवत, कारण ‘हृदयाला धोका आहे’.

आईने फाइल उघडली. सगळ्याच्या मुळाशी एकच कागद होता, दुसऱ्या एका लॅबच्या रक्ततपासणीचा : ‘एएसओ : पॉझिटिव्ह’. आकडा, म्हणजे टायटर, नाही. मी विचारत गेले तेव्हा कळलं की मुलीच्या पोटऱ्या रात्री दुखायच्या, आई तेल चोळायची आणि सकाळी ती उड्या मारत उठायची. सांधा कधी सुजला नव्हता, ताप आला नव्हता. मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी सगळी हकिगत पहिल्यापासून ऐकली, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेतला, हृदयाच्या झडपा चांगल्या निघाल्या, आणि इंजेक्शनं थांबली.

एएसओ म्हणजे आजार नव्हे. स्ट्रेप्टोलायसिन ओ हे या जंतूचं एक विष. त्याच्याविरुद्ध शरीराने केलेल्या प्रतिपिंडांची ही मोजणी, टॉड यांनी १९३२ मध्ये दाखवून दिलेली. संसर्गानंतर आठवड्याभराने ती चढू लागते, तीन ते पाच आठवड्यांत सर्वांत वर जाते आणि उतरायला महिने घेते. म्हणजे स्ट्रेप येऊन गेला, इतकंच ती सांगते. शाळकरी मुलांचे घसे सारखे धरतात, त्यामुळे धडधाकट मुलांतही २०० च्या वरचा, म्हणजे पॉझिटिव्ह धरला जाणारा, आकडा सर्रास सापडतो. संधिज्वराचं निदान जोन्स यांच्या १९४४ च्या निकषांवर होतं, २०१५ मध्ये ते सुधारले गेले. त्यांत एएसओ हा फक्त आधाराचा पुरावा आहे. सांधे, हृदय, त्वचा, हातापायांच्या अनैच्छिक हालचाली यांच्या जोडीला तो घ्यायचा असतो.

आता लॅबची चूक. एएसओसाठी लॅटेक्सची स्लाइड (रक्ताचं सीरम आणि लॅटेक्सचा थेंब मिसळून गुठळी होते का ते बघायची) दोन मिनिटांनी वाचायची असते. फोन आला, चहा आला, आठ मिनिटांनी बघितलं तर कडेने थेंब सुकतो आणि दाणे दिसायला लागतात. ते दाणे खोटे असतात. माझ्या टेबलावर स्वयंपाकघरातला गजराचा टायमर आहे. थेंब मिसळला की तो लावते आणि तो वाजेपर्यंत स्लाइड हातातून सोडत नाही. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल (निकाल आधीच माहीत असलेले नमुने) रोज शेजारी लावते. गुठळी दिसली की सीरम सलाइनमध्ये दुप्पट-दुप्पट पातळ करत जाते, कारण शेवटचं पॉझिटिव्ह डायल्यूशन गुणिले २०० हा आकडा रिपोर्टवर गेलाच पाहिजे. यात पंधरा मिनिटं जातात, तेवढी द्या.

उलटंही लक्षात ठेवा. खरुज चिघळून झालेल्या फोडांमागे स्ट्रेप असेल तर एएसओ बऱ्याचदा चढतच नाही. मूल सुजलेल्या तोंडाने आणि लाल लघवीने आलंय आणि एएसओ निगेटिव्ह आहे, म्हणून स्ट्रेप नाही असं म्हणू नका. अँटी-डीएनेज बी (स्ट्रेपच्या दुसऱ्या एका द्रव्याविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी) सुचवा.

आणि हे वाचून कोणी मनाने इंजेक्शन बंद करू नका. ज्यांना खरोखर संधिज्वर झालाय, त्यांची एकही तारीख चुकता कामा नये. हृदयाला इजा झाली नसेल तरी निदान पाच वर्षं किंवा वयाच्या २१ पर्यंत, यांतलं जे जास्त ते, आणि इजा झाली असेल तर त्याहून लांब. चार महिने सुई चुकवून धाप लागलेल्या अवस्थेत परत आलेली तरुण माणसं मी पाहिली आहेत.

रक्तपेढीच्या जुन्या पिशवीची प्लेट

दुसरी चूक पैसे वाचवण्याच्या नादातली. मुदत संपलेली रक्ताची पिशवी फुकट मिळते, म्हणून तिच्यातून ब्लड अगारच्या (जंतू वाढवायच्या, रक्त घातलेल्या जेलीच्या) प्लेटा ओततात. त्या रक्तात सायट्रेट आहे, ग्लुकोज आहे, दात्याच्या अँटीबॉडी आहेत, कधी त्याने घेतलेलं अँटिबायोटिकही. कॉलन्या (वाढलेल्या जंतूंचे ठिपके) बारीक येतात, भोवतीचं वलय धूसर दिसतं. मग बीटा हिमोलिसिस (रक्तपेशी पूर्ण फुटून पडणारं स्वच्छ वलय) नजरेतून सुटतं आणि रिपोर्टवर ‘नॉर्मल फ्लोरा’ (नेहमीचे निरुपद्रवी जंतू) जातं. शिवाय माणसाचं रक्त उघड्यावर हाताळण्याचा धोका आहेच. मेंढीचं डिफायब्रिनेटेड (गोठू नये म्हणून फायब्रिन काढलेलं) रक्त विकत मिळतं. महाग पडतं हे मला माहीत आहे, मालकाशी मी त्यावरून भांडलेही आहे. पाच टक्के घाला आणि अगार ४५ ते ५० अंशांवर येऊ द्या. बाटली गालाला लावून सोसवते का ते बघण्याची पद्धत मी मोडून काढली, थर्मामीटर वापरा. गरम अगारात रक्त ओतलं की ते चॉकलेटी रंगाचं होतं, आणि त्यावर हिमोलिसिस वाचता येत नाही.

स्ट्रीक करून (नमुना रेघांनी पसरून) झालं की लूपने (तारेच्या कडीने) अगारात दोन-तीन ठिकाणी टोचा. स्ट्रेप्टोलायसिन ओ हवेतल्या ऑक्सिजनने निकामी होतं. काही जंतूंचं हिमोलिसिस फक्त त्या टोचलेल्या जागी, आत दिसतं. प्लेट टेबलावर ठेवून वरून बघू नका, उजेडासमोर धरून आरपार बघा. मी खिडकीशी जाते. नवी मुलं मोबाइलचा टॉर्च लावतात, त्यालाही माझी हरकत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

ब्लड अगारवरची कॉलनी कॅटालेजला (पेरॉक्साइडमध्ये बुडबुडे येतात का त्या तपासणीला) घेताना खालचं रक्त खरवडू नका. तांबड्या पेशींत कॅटालेज असतं, बुडबुडे येतात आणि रिपोर्टवर स्ट्रेपचा स्टॅफ (स्टॅफिलोकोकस हा वेगळाच जंतू) होतो.

ग्रुप ए (घसा आणि संधिज्वरामागचा स्ट्रेप) ओळखायला लावायची बॅसिट्रॅसिन या अँटिबायोटिकची डिस्क ०.०४ युनिटची हवी. सेन्सिटिव्हिटीसाठीची १० युनिटची डिस्क लावून ‘ग्रुप ए’ लिहिलेलं मी दोनदा पकडलंय. शुद्ध कॉलनीवर लावा. सी आणि जी ग्रुपमधलेही काही तिला दाद देतात, म्हणून जमेल तिथे पीवायआर (ग्रुप ए ओळखायची एन्झाइमची तपासणी) करा.

घशाचा स्वॅब म्हणजे जिभेवरून फिरवलेला कापूस नव्हे. दोन्ही टॉन्सिल आणि मागची भिंत. मूल ओकारी देईल, देऊ दे. आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी.

डॉक्टरांनी विचारलं तर सांगा, ग्रुप ए पेनिसिलिनला पुरून उरल्याचं रुग्णांत अजून पाहण्यात आलेलं नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिनबद्दल असं म्हणता येत नाही. तोंडाने पेनिसिलिन दिलं तर दहा दिवस; तिसऱ्या दिवशी ताप गेला म्हणून थांबणं म्हणजे अर्धवट उपचार.

ब्लड कल्चरच्या एकाच बाटलीत व्हिरिडन्स (एरवी तोंडात राहणारा स्ट्रेप) वाढला तर ‘कंटॅमिनेशन’ लिहून मोकळं होऊ नका. आधी फोन करा. रुग्णाची झडप खराब असेल तर तो एंडोकार्डायटिस (हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग) असू शकतो.

गरोदर बाईचा ग्रुप बी (बाळाला बाधू शकणारा स्ट्रेप) तपासताना स्वॅब योनीच्या खालच्या भागातून आणि गुदद्वारातून, दोन्हीकडून हवा.

घशाची प्लेट २४ तासांना कोरी दिसली की कचऱ्यात जाते, तेही थांबवा. परत इन्क्युबेटरमध्ये ठेवा आणि ४८ तासांना पुन्हा बघा. नाव आणि तारीख झाकणावर नको, तळाला लिहा. दहा प्लेटा एकदम उघडल्या की झाकणं बदलतात.