फोन हाताशी नसेल त्या दिवसाची तयारी कशी करावी

सकाळचा गजर, दूधवाल्याचे पैसे, रिक्षा, बँक, रेल्वेचं तिकीट, डॉक्टरांची चिठ्ठी, मुलांच्या शाळेचे निरोप आणि काही घरांत तर दाराचं कुलूपसुद्धा आता एकाच यंत्रातून चालतं. यंत्रावर विसंबण्यात गैर काही नाही. अडचण वेगळीच आहे. फोन गेला तर वापरायच्या पर्यायी वाटाही त्याच फोनमधून जातात. बँकेचा पासवर्ड बदलायचा तर ओटीपी फोनवर येतो आणि ईमेल उघडायचा तर होकार फोनवरच द्यावा लागतो. किल्ल्यांचा जुडगा घरात विसरून दार ओढून घ्यावं, तशी ही गत. खाली दिलेली तयारी एका शनिवार-रविवारात होते आणि तिला फारसा खर्च येत नाही.

आधी मोजणी

दोन दिवस फोनशेजारी एक वही ठेवा. गरजेच्या कामासाठी फोन उचलला की एक ओळ लिहा. करमणूक मोजू नका. दोन दिवसांनी प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न विचारा: फोन नसता तर हे काम आज कसं केलं असतं? उत्तर चटकन सुचलं नाही, तर त्या ओळीवर फुली मारा. बहुतेक घरांत फुल्या पैसे, ओटीपी, माणसांचे नंबर, कागदपत्रं आणि वीज या पाच ठिकाणी पडतात. त्यातलं ओटीपीचं काम सगळ्यांत आधी करा, कारण बाकीची कामं त्यावर अडून असतात.

सिमकार्ड: खरी किल्ली हीच

फोन महाग असतो, पण मोलाची वस्तू सिम आहे. चोराला फोनचं लॉक उघडता आलं नाही तरी तो सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात. यावरचा उपाय म्हणजे सिमचा स्वतःचा पिन. फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात ‘सिम लॉक’ असतं, ते चालू करा. सुरुवातीचा पिन काय आहे हे कंपनीकडून विचारून घ्या आणि मग आपला ठेवा. अंदाजाने आकडे टाकत बसू नका. तीनदा चुकलं की सिम बंद होऊन ८ आकडी पीयूके (बंद सिम पुन्हा उघडण्याचा आकडा) मागतं, आणि तोही १० वेळा चुकला तर ते सिम कायमचं निकामी होतं. आणखी एक: सिम पिन लावल्यावर फोन बंद करून चालू केला की पिन टाकेपर्यंत फोन वाजत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनला पिन लावत असाल, तर हे त्यांना नीट समजावून सांगा.

आता हरवलेल्या फोनचं गणित पाहा. बरेच जण इथेच फसतात. नवीन सिम मिळालं की सगळं सुरळीत होईल असं वाटतं. पण सिम बदलल्यानंतर २४ तास त्या नंबरवर एसएमएस येणं-जाणं बंद ठेवलं जातं. फसवणूक करून सिम बदलून घेणाऱ्यांना आळा बसावा म्हणून हा नियम आहे आणि तो चांगलाच आहे. पण त्या दिवशी एसएमएसने ओटीपी येत नाही. यूपीआयचं ॲप नव्या फोनवर चालू करताना तुमच्या सिमवरून एक एसएमएस जावा लागतो, तोही जात नाही. पुढे ॲप सुरू झालं तरी पहिल्या दिवशी पैसे पाठवण्याची मर्यादा कमी असते. म्हणजे सोमवारी फोन हरवला आणि मंगळवारी सिम हातात आलं, तरी व्यवहार पूर्ववत व्हायला गुरुवार उजाडू शकतो. तीन दिवस निभतील एवढी सोय हवी, ती या हिशोबाने.

म्हणून घरात दुसऱ्या कंपनीचं सिम टाकलेला एक साधा, बटणांचा फोन ठेवा. ते सिम प्रीपेड असेल तर महिन्यातून एकदा तरी त्यावरून फोन करा. ९० दिवस अजिबात न वापरलेलं सिम बंद होऊ शकतं.

खात्यांची मागची दारं

गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात ‘बॅकअप कोड’ मिळतात: ८ आकडी १० कोड, आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. परक्या संगणकावरून खातं उघडताना गूगल तुमच्या हरवलेल्या फोनवरच होकार मागतं, तेव्हा हाच कोड वाट काढून देतो. कोड कागदावर घ्या. त्यांचा फोटो काढून फोनमध्ये ठेवू नका, आणि त्याच कागदावर पासवर्डही लिहू नका. नवे १० कोड घेतले की जुने बाद होतात, म्हणून कागदावर तारीख घाला.

खात्याच्या पर्यायी ईमेलचा पत्ता तपासा. तो ईमेलही तुमच्याच फोनच्या ओटीपीने उघडत असेल, तर त्या पर्यायाला अर्थ नाही. तिथे नवरा, बायको, भाऊ, बहीण अशा विश्वासातल्या माणसाचा पत्ता द्या. व्हॉट्सॲपमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’चा ६ आकडी पिन लावा आणि सोबत ईमेलही नोंदवा. नाहीतर पिन विसरल्यावर तो बदलून घेण्यासाठी दिवसचे दिवस थांबावं लागतं.

अँड्रॉइड फोनवर आणखी एक गोष्ट आजच करून ठेवा. चोरीपासून संरक्षणाच्या सेटिंगमध्ये ‘रिमोट लॉक’ चालू करा. मग कुणाच्याही फोनवरून अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश लॉक हे पान उघडून केवळ आपला नंबर टाकून फोन लॉक करता येतो, पासवर्ड लागत नाही. मात्र ही सोय आधी चालू केलेली असेल तरच कामी येते. आयफोनवाल्यांनी ‘फाइंड माय’ चालू आहे का ते पाहावं. आयक्लाउडच्या पानावरून फोन शोधताना पासवर्ड पुरतो, ओटीपी लागत नाही.

पैसे

फोन न हरवताही ही वेळ येते. २६ मार्च २०२५ आणि १२ एप्रिल २०२५ या दोन्ही दिवशी यूपीआयचे व्यवहार देशभर काही तास अडखळले होते. घरात एका आठवड्याचा दूध, भाजी, औषधं, प्रवास एवढा खर्च रोख ठेवा, आणि तो १०० व ५० च्या नोटांत. ५०० ची नोट रिक्षात किंवा भाजीवाल्याकडे ऐन वेळी कामाची नसते. डेबिट कार्डाचा पिन कित्येकांना आता आठवत नाही. तीन महिन्यांतून एकदा एटीएममधून पैसे काढा, म्हणजे पिन लक्षात राहतो आणि कार्डाची मुदत संपली असेल तर तेही कळतं. दुसऱ्या बँकेत एक छोटं खातं आणि त्याचं कार्ड असावं, आणि ते कार्ड घरी कपाटात. पाकीट आणि फोन बहुधा एकदमच जातात.

इंटरनेट नसेल तेव्हा *९९# डायल करून साध्या फोनवरूनही यूपीआय चालतं, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत. पण त्यासाठी बँकेत नोंदवलेल्या नंबरचंच सिम लागतं आणि सगळ्या कंपन्यांच्या सिमवर ते सारखं चालत नाही. घरात एकदा करून पाहा, मगच त्यावर भरवसा ठेवा.

यूपीआय अडलं, खात्यातून पैसे कापले गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर घाईने दुसऱ्यांदा पाठवू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्यक्तीला पाठवलेली अशी रक्कम व्यवहारानंतर एका दिवसात आणि दुकानदाराला पाठवलेली पाच दिवसांत परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवशी १०० रुपये भरपाई मिळते. व्यवहाराचा क्रमांक तेवढा उतरवून घ्या.

दोन कागद

पहिला कागद पाकिटात: घरच्या पाच माणसांचे नंबर, रक्तगट, कायमची औषधं, बँकेचा आणि सिम कंपनीचा तक्रार नंबर. त्याखाली तातडीच्या मदतीसाठी ११२, महाराष्ट्र-गोव्यात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०. पासवर्ड किंवा पिन यावर अजिबात नको. साध्या बॉलपेनने लिहा. जेल पेनची शाई पावसात पसरते.

दुसरा कागद कपाटात: बॅकअप कोड, खाते क्रमांक, विम्याचे क्रमांक आणि फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक. *#०६# डायल केलं की आयएमईआय दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन असतात, दोन्ही लिहा. फोनची पावतीही याच कागदासोबत ठेवा, पण पातळ चकचकीत कागदावरची छापील पावती दोन-तीन वर्षांत पांढरी पडते, म्हणून तिची झेरॉक्स करा. डॉक्टरांची चिठ्ठी आणि महत्त्वाचे रिपोर्ट यांचे केवळ फोटो असतील, तर ते छापून घ्या. डिजिलॉकरमधला परवाना कायद्याने चालतो खरा, पण फोनच नसेल तर तो दाखवणार कशावर? लांबच्या प्रवासात मूळ ओळखपत्र आणि कागदावर लिहिलेला पीएनआर, डबा, बर्थ जवळ असू द्या.

वीज आणि दार

जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा वीज आणि मोबाइल नेटवर्क दोन्ही गेली होती. पॉवर बँक घ्यावी, पण तिच्यावरच्या आकड्याला भुलू नये. १०,००० एमएएचची बँक म्हणजे ३७ वॅट-तास. वीज रूपांतरात त्यातला तिसरा हिस्सा वाया जातो, त्यामुळे ५,००० एमएएचचा फोन तिच्यावर सव्वा वेळा भरतो, दोनदा नाही. पडून असली तरी ती हळूहळू उतरते. दर तीन महिन्यांनी पाहून पुन्हा भरा.

वायफाय राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट, बहुतेकदा १२, तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. फायबरवरचा लँडलाइन फोनही वीज गेली की बंद होतो, हे लक्षात असू द्या.

डिजिटल कुलपासोबत येणारी धातूची किल्ली बहुतेक लोक घरातच ड्रॉवरमध्ये ठेवतात. ती शेजारी किंवा नातेवाइकांकडे द्या. अनेक कुलपांना बाहेरून ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवायला दोन बिंदू असतात. आतले सेल मेले तर तेवढ्यावर कुलूप जागं होतं आणि नेहमीचा आकडा घेतं. आतले सेल अल्कलाइनच वापरा आणि सगळे एकदम बदला.

फोन हरवलाच तर

१. दुसऱ्याच्या फोनवरून रिंग द्या. कुणी उचलला नाही तर लगेच रिमोट लॉक करा. हे सिम बंद करण्याआधी करायचं, कारण सिम बंद झालं की फोनचं इंटरनेट जातं आणि लॉकचा हुकूम पोचत नाही. मात्र यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका.

२. सिम कंपनीला फोन करून सिम बंद करा.

३. बँकेला सांगून यूपीआय आणि मोबाइल बँकिंग थांबवा. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं असतं, म्हणून ती वेळ महत्त्वाची. पैसे आधीच गेले असतील तर तात्काळ १९३० लावा.

४. पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या.

५. नवीन सिम घ्या. मग दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर आयएमईआय आणि तक्रारीची प्रत देऊन फोन ब्लॉक करा. मग तो देशातल्या कुठल्याही नेटवर्कवर चालत नाही. मिळालेला विनंती क्रमांक जपा; फोन सापडला तर त्याच क्रमांकाने तो पुन्हा सुरू होतो.

तालीम

पावसाळ्याआधी एका रविवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा फोन बंद करून कपाटात ठेवा. बाजारात जा, पाठ असलेल्या नंबरवर साध्या फोनवरून बोला, एटीएममधून पैसे काढा, ओळखीच्या संगणकावर बॅकअप कोडने ईमेल उघडा आणि वापरलेला कोड कागदावर खोडा. घरातल्या प्रत्येकाने हे स्वतः करायचं, कारण ‘कागद कुठे आहे हे बाबांना माहीत आहे’ असं ठरलं तर नेमके बाबाच फोनसकट बाहेर असतात. कुठे अडलं ते संध्याकाळी वहीत लिहा आणि ती फुली त्याच आठवड्यात सोडवा.