फँटसी बेसबॉल: ड्राफ्ट एका रात्रीचा, संसार सहा महिन्यांचा

अमेरिकेत नोकरीला लागलात की एखाद्या मार्चमध्ये ऑफिसातलं कुणीतरी टेबलापाशी येऊन विचारतं, "आमच्या लीगमध्ये एक जागा रिकामी झालीय, येतोस?" ही लीग फँटसी बेसबॉलची: खऱ्या खेळाडूंचा आपला कागदावरचा संघ बांधायचा, आणि खऱ्या सामन्यांतल्या त्यांच्या आकड्यांवर आपले गुण ठरतात. मला २०२२ मध्ये विचारलं. न्यू जर्सीत येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. बेसबॉल म्हणजे शेवटी आपलं क्रिकेटच, फक्त बॅट गोल आणि चेंडू टप्पा न पडता येतो, एवढ्या भांडवलावर हो म्हणालो. बारा जणांत बारावा आलो. तेव्हा कुणी मराठीत चार गोष्टी सांगितल्या असत्या तर निदान दहावा आलो असतो, म्हणून हे लिहितोय.

आधी एक गैरसमज काढून टाका. आपल्याकडे आयपीएलला फोनवर अकरा जण निवडायचो, तो खेळ वेगळा. तिथे रोज नवा डाव, आणि तुम्ही घेतलेला कोहली आणखी लाखो लोकांनीही घेतलेला असतो. इथे लीगमध्ये एक खेळाडू एकाचाच. ओतानीसारखा तारा शेजारच्या टेबलावरच्या माणसाने घेतला की तो तुमच्यासाठी संपला. जे पंचवीसेक खेळाडू तुमच्या वाट्याला येतात त्यांना मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत सांभाळायचं. मेजर लीग, म्हणजे इथली सगळ्यांत वरची बेसबॉल स्पर्धा; तिच्या ३० संघांचे प्रत्येकी १६२ सामने होतात, म्हणजे जवळजवळ रोज काही ना काही चालू असतं. ड्राफ्ट, म्हणजे मोसमाआधी खेळाडू वाटून घेण्याचा कार्यक्रम, हे लग्न आहे. नवखे सगळी हौस लग्नात करतात आणि संसाराला हात टेकतात.

या खेळाचं मूळ रूप १९८० चं. न्यूयॉर्कमधल्या ला रोटिसरी फ्रान्सेझ नावाच्या रेस्टॉरंटात डॅनियल ओक्रेंट आणि त्याची लेखक-संपादक मित्रमंडळी जमायची, त्यावरून 'रोटिसरी' हे नाव पडलं. प्रत्येकाला लिलावासाठी २६० डॉलर, त्यात २३ खेळाडू घ्यायचे. वर्तमानपत्रातले आकडे घेऊन बेरजा हाताने करायच्या. आता बेरजा संगणक करतो, पण लिलाव करणाऱ्या लीगमध्ये २६० चा आकडा अजून टिकून आहे. आमच्या लीगमध्ये लिलाव नाही, 'स्नेक ड्राफ्ट' आहे: पहिल्या फेरीत एक ते बारा, दुसरीत उलट बारा ते एक. त्यामुळे बाराव्या क्रमांकावरच्याला लागोपाठ दोन खेळाडू मिळतात आणि मग बावीस जणांची निवड होईपर्यंत तो चहा करून येऊ शकतो.

गुण दहा रकान्यांत मोजतात. फलंदाजीचे पाच: धावा, होम रन (आपल्या षटकारासारखा), आरबीआय (म्हणजे याच्या फटक्यावर किती जण घरी पोचले, म्हणजे किती धावा झाल्या), स्टोलन बेस (फटका नसताना पळून पुढचा बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पुढचा टप्पा, गाठणं) आणि बॅटिंग ॲव्हरेज (म्हणजे फलंदाजीच्या किती संधींत हिट, म्हणजे बेस मिळवून देणारा फटका, बसला त्याचं प्रमाण). पिचिंगचे, म्हणजे गोलंदाजीचे, पाच: विजय, सेव्ह (त्याबद्दल पुढे), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद), ईआरए, व्हिप. ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, किती धावा दिल्या (फील्डरच्या चुकांच्या धरत नाहीत), आणि व्हिप म्हणजे एका इनिंगमागे किती हिट आणि वॉक (वाईट चेंडूंमुळे फुकट दिलेला बेस) दिले. शेवटचे दोन कमी असतील तितके चांगले, हे पहिल्या आठवड्यात मला उमगलं नव्हतं. ॲव्हरेजनेही असंच गोंधळवलं. क्रिकेटवाल्याला ०.३०० हा आकडा दहावी नापास झाल्यासारखा वाटतो. इथे तो पहिल्या वर्गाचा आहे, आणि लोक तो 'तीनशे' असा वाचतात.

आता ड्राफ्टची रात्र. रविवारी साडेनऊला सुरू, प्रत्येक निवडीला ९० सेकंद. माझ्या सातव्या फेरीला फोन वाजला. इथे रात्रीचे दहा म्हणजे साताऱ्यात सकाळचे साडेसात, आईचा फिरून आल्यावरचा फोन. 'आई, थांब जरा' म्हणेपर्यंत तिने कालच्या बारशाचं सुरू केलं होतं. परत पडद्याकडे पाहिलं तर वेळ संपून संगणकाने परस्पर माझ्यासाठी तिसरा फर्स्ट बेसमन (पहिल्या बेसवरचा फील्डर) उचललेला. पदरी पडलं आणि पवित्र झालं. तेव्हा पहिलं काम: ड्राफ्टच्या दिवशी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि पडद्यावरच्या 'क्यू'मध्ये आपल्या पसंतीची आठ-दहा नावं आधीच भरून ठेवा. वेळ संपली तर निदान त्यातलं एखादं मिळतं.

दुसरी गोष्ट, ड्राफ्ट शक्य तितका उशिरा ठेवा, म्हणजे खरा मोसम सुरू होण्याच्या अगदी तोंडावर. २०२३ मध्ये आमच्या मंडळींना दम नव्हता, मार्चच्या पहिल्याच आठवड्यात उरकला. मी मोठ्या दिमाखात न्यूयॉर्क मेट्सचा एडविन डियाझ घेतला. त्या वर्षी तो सगळ्यांत भारी क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा पिचर, मानला जात होता. १५ मार्चला वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये (देशांच्या संघांची स्पर्धा) पोर्तो रिकोने डॉमिनिकन रिपब्लिकला हरवलं, मैदानावर सगळे उड्या मारायला लागले आणि त्या उड्यांत डियाझच्या गुडघ्याचा स्नायूबंध तुटला. चेंडू टाकताना नाही, जिंकल्याच्या आनंदात! अख्खा मोसम गेला. एकही सामना सुरू व्हायच्या आत माझी चौथ्या फेरीची निवड घरी बसली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. इथे तर गुडघाच गेला.

यातूनच पुढचं निघतं. पिचरवर पहिल्या दोन-तीन फेऱ्या उधळू नका. चेंडू ताशी शंभर मैलांच्या आसपास टाकायचा म्हणजे कोपराची वाट लागतेच. २०२४ मध्ये बहुतेकांच्या यादीत अव्वल पिचर होता अटलांटाचा स्पेन्सर स्ट्रायडर. दोन सामने टाकले आणि कोपराच्या शस्त्रक्रियेला गेला. अर्थात फलंदाजही काही अमरपट्टा घेऊन येत नाहीत. त्याच वर्षी बहुतेक ड्राफ्टमध्ये पहिलं नाव रोनाल्ड अकुन्याचं होतं, आणि मे महिन्यात त्याचाही गुडघा गेला. पण शंभर ड्राफ्ट पाहिले तर फलंदाज जास्त भरवशाचे. माझा हिशेब आता असा: पहिल्या तीन फेऱ्यांत तीन फलंदाज, शक्यतो पळणारे आणि मारणारे दोन्ही, मग चौथ्या-पाचव्यात एक चांगला पिचर.

क्लोजरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपण इथेच फसतो. सेव्ह मिळण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे तीन किंवा कमी धावांच्या आघाडीवर येऊन शेवटची इनिंग टाकून सामना जिंकून देणं. बहुतेक संघ हे काम एकाच माणसाला देतात, म्हणजे साऱ्या मेजर लीगमध्ये ही नोकरी तिसाच्या आतबाहेर लोकांना. आणि ती कंत्राटी आहे. लागोपाठ तीन सामने बिघडवले की मॅनेजर दुसऱ्याला उभं करतो. म्हणून क्लोजर महाग घेण्यापेक्षा मोसमात कुणाची खुर्ची डळमळतेय यावर डोळा ठेवा आणि त्याच्या मागे उभा असलेला उचला. माझे अर्धे सेव्ह अशाच मागच्या बाकावरच्यांनी दिले.

नियम बदलले की बाजारभाव बदलतो, हेही लक्षात असू द्या. २०२३ मध्ये पिच क्लॉक आलं (चेंडू टाकायला ठरावीक सेकंद), बेसच्या गाद्या १५ इंचांवरून १८ इंचांच्या झाल्या, आणि पिचरने बेसवरच्या रनरला दबकवायला किती वेळा थांबायचं यावरही मर्यादा आली. आदल्या वर्षी साऱ्या मेजर लीगमध्ये २,४८६ बेस चोरले गेले होते, त्या वर्षी ३,५०३. एकट्या अकुन्याने ७३. मी मात्र जुन्याच भावाने चालत होतो: 'स्टोलन बेस दुर्मीळ, त्यासाठी काहीही मोजा' असं २०२२ मध्ये ऐकलेलं डोक्यात होतं. म्हणून ॲव्हरेज आणि होम रन सोडून दोन नुसते पळणारे महागात घेतले. तेच बेस इतरांना दहाव्या-बाराव्या फेरीत मिळाले.

आता संसार. पहिलं संकट एप्रिल. तीन आठवडे झाले, तुमचा मोठा खेळाडू ०.१८० वर आहे आणि कुणीतरी अनोळखी ०.३९० वर. हात शिवशिवतात. शिवशिवू द्या. १६२ सामन्यांत वीस सामने म्हणजे पाच दिवसांच्या कसोटीत पहिल्या दिवशीचा चहासुद्धा झालेला नाही. न्यूयॉर्क यांकीजचा ॲरन जज २०२४ चा एप्रिल संपताना दोनशेच्या आसपास रेंगाळत होता, इथल्या रेडिओवर लोक फोन करून ओरडत होते. मोसम संपला तेव्हा ०.३२२ आणि ५८ होम रन. मी पहिल्या वर्षी एका तरण्या आउटफिल्डरला अशाच रागाने सोडला. नाव सांगत नाही, अजून लागतं. अर्ध्या तासात माझ्या मागच्या रांगेतल्या सहकारी बाईंनी त्याला उचललं, आणि सप्टेंबरपर्यंत रोज सकाळी कॉफीच्या मशीनपाशी "थँक यू" म्हणत राहिल्या.

मग कुणाला सोडायचं? ॲव्हरेज पाहू नका, काम पाहा. तो रोज खेळतोय का, वरच्या पाचांत फलंदाजीला येतोय का, चेंडू जोरात लागतोय का. हे शेवटचं बेसबॉल सॅव्हंट या साइटवर फुकट दिसतं; २०१५ पासून प्रत्येक मैदानावर चेंडूचा वेग मोजला जातो. जोरात मारूनही फील्डरच्या हातात जात असतील तर दिवस फिरतील. फटकेच मऊ असतील आणि बाकावर बसवायला सुरुवात झाली असेल, तर मात्र नमस्कार करा.

दुसरं संकट रविवारची दुपार. आमची लीग हेड-टू-हेड, म्हणजे सोमवार ते रविवार एकाशी सामना आणि दहा रकान्यांतले जास्त जिंकेल तो पुढे. मे महिन्यातली गोष्ट. रविवार सकाळपर्यंत माझ्या पिचरांनी ४० इनिंगमध्ये १४ धावा दिल्या होत्या, ईआरए ३.१५. मी त्या रकान्यात पुढे, व्हिपमध्येही पुढे. स्ट्राइकआउटमध्ये मात्र चारने मागे. चार स्ट्राइकआउटच्या लोभाने कुणाच्याच संघात नसलेल्या मोकळ्यांतला एक पिचर उचलून लावला. त्या दिवशी तो डेन्व्हरला खेळत होता, हे पाहिलंच नाही. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरवर, म्हणजे जवळपास आपल्या कळसूबाईच्या माथ्याएवढं. हवा विरळ, चेंडू वळत कमी आणि जातो लांब. बंदोबस्त म्हणून २००२ पासून तिथे चेंडू दमट खोलीत ठेवतात, तरी पिचरांचे हाल व्हायचे ते होतातच. आमच्या गड्याने दोन इनिंगमध्ये सात धावा दिल्या. ४२ इनिंग, २१ धावा, ईआरए ४.५०. ईआरए गेला, व्हिप गेला, आणि स्ट्राइकआउट मिळाला एक. पुढे असाल तर रविवारी पिचर बाकावर बसवणं हाही डाव आहे. फक्त लीगमध्ये किमान इनिंगची अट असते, ती पुरी झालीय ना बघा.

रोजच्या कामांना दहा मिनिटं पुरतात. सोमवारी आणि गुरुवारी बऱ्याच संघांना सुट्टी असते, त्या दिवशी बाकावरच्याला आत घ्या. जखमी खेळाडू इंज्युर्ड लिस्टवर गेला की त्याला तुमच्या आयएल जागेत हलवा, म्हणजे एक जागा मोकळी होते. नवखे महिनाभर ही जागा रिकामी ठेवतात. त्या आठवड्यात दोनदा टाकणारे पिचर रविवारी रात्रीच हेरून ठेवा.

सौद्यांबद्दल एवढंच: नवा माणूस दिसला की पहिल्या आठवड्यात तीन जण ट्रेडचा प्रस्ताव पाठवतात. त्यात दोनास एक असा सौदा असेल तर जो एकटा आहे तो बहुधा तुमचा, आणि बहुधा चांगला. नाही म्हणायला कारण द्यावं लागत नाही. आणि कुणाच्या खेळाडूला दुखापत झाल्याची बातमी तुम्हाला आधी कळली म्हणून त्याला आपला लंगडा घोडा विकायला जाऊ नका, ऑफिसात उरलेली वर्षं काढायची आहेत.

ऑगस्टमध्ये निम्मी लीग झोपते. उकाडा, सुट्ट्या, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला अमेरिकन फुटबॉल सुरू होतो. हरणाऱ्याने या काळात संघ वाऱ्यावर सोडणं इथे असभ्य समजतात, कारण तुमच्या रिकाम्या लाइनअपमुळे दुसऱ्या कुणाला फुकट विजय मिळतो. मी पहिल्या वर्षी तळाला असूनही शेवटपर्यंत लाइनअप लावला, आणि पुढच्या वर्षी जागा टिकली ती त्यामुळेच, असं आमचा कमिशनर, म्हणजे लीग चालवणारा, म्हणतो.

आमच्याकडे शेवटच्याने ऑक्टोबरमध्ये सगळ्यांना नाश्ता द्यायचा असतो. लोक बेगल आणतात. मी एडिसनच्या ओक ट्री रोडवरून पाव आणले, पहाटे उठून चाळीस वडे तळले, लसणाची चटणी केली. साडेदहापर्यंत ताट रिकामं. त्यापुढच्या मोसमात मी सहावा आलो, तर दोघातिघांनी माझ्या प्रगतीबद्दल उघड नाराजी व्यक्त केली.