मॉडेल रेल्वेच्या डब्यात दिवे लावताना या चुका टाळा

रात्री मुंबईहून परतणारी पंचवटी नाशिकरोडच्या फलाटाला लागते तेव्हा तिच्या खिडक्यांची पिवळी-पांढरी रांग बघत मी लहानपणी कितीतरी वेळ उभा राहिलो आहे. घरातल्या एचओ (१:८७ प्रमाणातल्या) मॉडेल गाडीत तशीच रांग पेटवायची, एवढीच इच्छा होती. पहिल्या डब्याला तीन आठवडे लागले. तीन एलईडी बदलले, दोनदा छत उचकटलं आणि दोष शेवटी चाकात सापडला. त्यानंतर बरेच डबे दुरुस्त केले, ओळखीच्यांचेही. दिवा लागत नाही म्हणून लोक आधी दिवाच बदलतात, तर दोष बहुतेक वेळा रुळापासून दिव्यापर्यंतच्या वाटेवर कुठेतरी बसलेला असतो. म्हणून सुरुवात खालून करा.

आधी चाकं बघा. प्लास्टिकच्या चाकांतून वीज येत नाही, त्यामुळे धातूची चाकं बसवावी लागतात. पण दोन्ही रुळांवर उलट ध्रुव असतात, म्हणून धातूच्या जोडीतही एक चाक आसापासून वेगळं, म्हणजे इन्सुलेट केलेलं असतं. खरी गडबड इथे होते. (आपण अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो, पण इथे बोगी म्हणजे डब्याखालचा चार चाकांचा गाडा.) वीज घेण्यासाठी आसावर टेकणारी धातूची पत्ती वापरत असाल, तर एका बोगीतल्या दोन्ही जोड्यांची जिवंत (आसाशी विजेने जोडलेली) चाकं एकाच बाजूला हवीत आणि दुसऱ्या बोगीतली विरुद्ध बाजूला. एक जोडी चुकून उलटी बसली, की पत्तीतून दोन्ही रूळ थेट जोडले जातात. डबा रुळावर ठेवताच सगळी गाडी थांबते आणि कंट्रोलर बंद पडतो. बघताना सगळी चाकं सारखीच दिसतात, म्हणून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक टोक आसाला आणि दुसरं चाकाला लावा. ज्या चाकाला बीप येईल ते जिवंत. त्याच्या आतल्या बाजूला मार्करचा ठिपका द्या, पुढे सारखं तपासावं लागत नाही.

पत्ती फॉस्फर ब्राँझची, पातळ आणि हलक्या दाबाची असावी. दाबून बसवलेली पत्ती वीज छान देते, पण चाकं फिरायची थांबतात. दहा डब्यांची गाडी माझ्या छोट्या चढावर चढेना, तेव्हा कसाऱ्याहून थळ घाटात जसं मागून बँकर इंजिन लावतात तसं लावायची वेळ आली होती! डबा काचेवर ठेवून हलकी फुंकर मारा. तो सहज सरकला पाहिजे.

बोगीला वायर जोडताना सोल्डरिंग गनही सांभाळा. प्लास्टिकच्या बोगीत बसलेल्या पत्तीवर पाच-सहा सेकंद गरम टोक ठेवलं, की आस बसतो ते भोक वितळून लांबट होतं आणि चाक कायमचं डगमगतं. मी अशा दोन बोग्या घालवल्या. पत्ती बाहेर काढून आधी सोल्डर करा, मग बसवा. वायर केसासारखी बारीक घ्या आणि थोडी ढिली सोडा. जाड वायर वळणावर बोगीला ओढते आणि डबा रुळावरून उतरतो.

आता सर्किट. पूर्वी इगतपुरीला डीसी आणि एसी विजेची सीमा होती आणि तिथे इंजिनं बदलत. आपल्या घरातही हाच प्रश्न येतो. साध्या डीसी गाडीत दिशा बदलली की रुळावरचे ध्रुव उलटतात, आणि डीसीसीत (डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे रुळांतूनच इंजिनांना डिजिटल संदेश देणारी यंत्रणा) ते सेकंदाला हजारो वेळा उलटत असतात. म्हणून चाकांनंतर लगेच ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे ध्रुव कसेही असले तरी वीज एकाच दिशेला वळवणारा भाग, हवाच. तो नसेल तर डीसीत गाडी एकाच दिशेला उजळते. शिवाय उलटा व्होल्टेज साधारण ५ व्होल्टच्या वर गेला, तर एलईडी मरू शकतो.

रेझिस्टरचं गणित सोपं आहे. १२ व्होल्टमधून रेक्टिफायरचे १.४ आणि पांढऱ्या एलईडीचे ३ वजा केले, की ७.६ उरतात. २ मिलीअँपिअरसाठी सुमारे ३.८ किलोओहम, म्हणजे बाजारातला ३.९ किलोओहमचा रेझिस्टर. डीसीसीवर १५ व्होल्ट धरले तर ५.६ किलोओहम. लोक २० मिलीअँपिअर सोडतात आणि डबा फ्लडलाइटसारखा भगभगतो. खऱ्या गाडीच्या खिडक्या अशा नसतात. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर द्या.

बाजारातली १२ व्होल्टची पट्टी तीन-तीन एलईडींच्या तुकड्यांत कापता येते, पण ते तिन्ही एकामागे एक जोडलेले असतात. त्यांनाच ९ व्होल्टच्या आसपास लागतात. डीसीवर गाडी हळू निघताना रुळावर तेवढे नसतात, मग फलाट सोडताना डबा अंधारात. डीसीवाल्यांनी सुटे एलईडी लावावेत. पट्टी डीसीसीवर छान चालते.

लुकलुकणं हा सगळ्यात त्रासदायक आजार. आधी रूळ पुसा. आपल्याकडे पावसाळ्यात जूनपासून दमट हवा असते, त्यात धूळ, तेल आणि काळा थर जमतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने रूळ आणि चाकं पुसा. भिंगातून चाकाच्या कडेला काळी रिंग दिसते, तीही काढा. सँडपेपर नको, त्याच्या ओरखड्यांत घाण जास्त बसते.

तरीही लुकलुकलं तर रेक्टिफायरनंतर ४७० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) लावा. जुन्या आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या) डब्यांत हीच युक्ती मोठ्या प्रमाणात असते: आसाच्या फिरण्यावर चालणारा अल्टरनेटर चालत्या गाडीत वीज बनवतो आणि गाडी थांबली की डब्याखालच्या बॅटऱ्या दिवे तेवत ठेवतात. कपॅसिटर २५ व्होल्टचा घ्या, १६ चा डीसीसीवर जेमतेम ठरतो. त्याची वजा बाजू पट्ट्याने दाखवलेली असते. उलटा जोडलात तर तो फुगतो, फुटतोही. आणखी एक: दहा डब्यांचे कपॅसिटर एकदम भरायला लागले, तर डीसीसी यंत्रणेला तो शॉर्ट वाटतो आणि ती बंद पडते. कपॅसिटरच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर घाला आणि त्याला समांतर एक डायोड असा लावा, की भरणं रेझिस्टरमधून सावकाश होईल आणि वीज बाहेर पडताना डायोडमधून मोकळी जाईल.

छत बसवण्याआधी ९ व्होल्टची बॅटरी (पट्टी लावली असेल तर १२ व्होल्टची) डाव्या-उजव्या चाकांना लावा. दिवे लागले? आता बॅटरी उलटी करा. दोन्ही वेळा लागले तरच छत बसवा, तेही गोंदाशिवाय. प्लास्टिकच्या भिंतींतून उजेड झिरपत असेल, तर आतून आधी काळा आणि मग पांढरा रंग द्या. ॲल्युमिनियमची टेप मात्र नको, ती सोल्डरच्या सांध्यांना टेकते आणि शॉर्ट होतो.

लाल दिवा फक्त शेवटच्या डब्याला असतो आणि तो लुकलुकतो. त्यासाठी आपोआप लुकलुकणारा लाल एलईडी मिळतो, त्यालाही स्वतःचा रेझिस्टर लागतो. डब्यांचा क्रम बदललात, तर एलव्हीची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी आणि तो दिवा दोन्ही नव्या शेवटच्या डब्यावर हलवायला हवेत, म्हणून मी ते एका छोट्या सॉकेटवर बसवले आहेत.